काष्ठ, स्नेह आणि यतना : लाकडाला ओलाव्यापासून जपणाऱ्या वनस्पतिज लेपांची कथा

जैन धर्मजीवनातील दगडाचे वैभव सर्वांच्या डोळ्यांत भरते. देलवाडा आणि राणकपूर यांची नावे घेताच संगमरवर आठवतो. परंतु रोजच्या आचारात हाताशी असते ते लाकूड. श्वेतांबर साधु-साध्वींची पात्रे व तरपणी, दिगंबर मुनींचे कमंडलू, उपाश्रयातील पाट आणि बाजोट, स्वाध्यायाचा सापडा, ताडपत्री पोथ्यांना दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या पाटल्या, घरदेरासरांचे कोरीव मखर ही सर्व लाकडाची रूपे होत. दगड पावसाला भीत नाही. लाकडाला मात्र पावसाचे वावडे आहे. ते पाणी पिते, फुगते, तडकते आणि शेवटी त्यावर बुरशीचा थर चढतो. म्हणून लाकडाला ओलाव्यापासून कसे जपावे, हा प्रश्न जगातील प्रत्येक सुतारापुढे आला, तसा तो जैन साधुसंघापुढेही आला. फरक एवढाच की, सुताराला लाकूड वाचवायचे होते आणि साधूला त्या लाकडावर उत्पन्न होणारे जीव वाचवायचे होते. या एका फरकामुळे जैन परंपरेतील लेपाचा इतिहास इतरांहून निराळा झाला.

ओलाव्याचा शास्त्रीय विचार

इरियावहिय सूत्र ज्यांना मुखोद्गत आहे त्यांना ‘पणग’ हा शब्द नवा नाही. जाता-येता ज्या सूक्ष्म जीवांची विराधना होते, त्यांच्या यादीत तो येतो. पणग म्हणजे ओलसर जागी उगवणारी शेवाळ व बुरशी. कल्पसूत्राच्या सामाचारी विभागात वर्षावासात विशेष जपण्यासारखी आठ सूक्ष्मे सांगितली आहेत. त्यांत पणगसूक्ष्माचे काळा, निळा, तांबडा, पिवळा व पांढरा असे पाच रंग दिले असून, हे पणग ज्या वस्तूवर उगवते त्याच वस्तूच्या रंगाचे असते, असा बारीक तपशीलही नोंदविला आहे. लाकडावरची बुरशी प्रथम लाकडासारखीच दिसते. ती नजरेला पडेपर्यंत बरीच पसरलेली असते, हा अनुभव पावसाळ्यात घराघरांत येतो. म्हणूनच सामाचारी वारंवार पाहण्याची, म्हणजे प्रतिलेखनेची, आज्ञा करते.

याच आठ सूक्ष्मांत शेवटचे आहे स्नेहसूक्ष्म. दव, धुके, हिम, गारा आणि गवताच्या टोकावरचे जलबिंदू यांचा त्यात समावेश होतो. येथे ‘स्नेह’ म्हणजे ओलावा. परंतु संस्कृत व प्राकृतात तोच शब्द तेलासाठीही वापरतात. एका स्नेहाला दुसऱ्या स्नेहाने अडवावयाचे, असे या साऱ्या इतिहासाचे वर्णन करता येईल.

वर्षावासात साधूने कसे आसन वापरावे, याविषयीही सामाचारी मौन नाही. पाट जमिनीपासून उंच असावा, घट्ट बांधलेला असावा, त्याला वेळोवेळी ऊन दाखवावे आणि त्याचे प्रतिलेखन करावे; असे करणाऱ्याला संयम सुलभ होतो, असा तिचा आशय आहे. लाकूड कोरडे ठेवण्याची पहिली आणि सर्वांत निर्दोष रीत हीच. उंची, हवा आणि ऊन. लेप त्यानंतर येतो.

पात्र आणि लेप

आचारांग सूत्राच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात पात्रैषणा नावाचे अध्ययन आहे. तुंबा, लाकूड आणि माती या तीनच प्रकारची पात्रे साधूला कल्पतात, असे तेथे सांगितले आहे. लोखंड, तांबे, रूपे, सोने इत्यादी मौल्यवान पात्रे वर्ज्य मानली आहेत. धातू न घेतल्याने अपरिग्रह सांभाळला गेला, पण ओलाव्याची अडचण उभी राहिली. काशाच्या वाटीत आमटी वाढली तर ती वाटी धुऊन पुसली की संपते. कोऱ्या लाकडी पात्रात मात्र अन्नाचा द्रव लाकडाच्या रंध्रांत शिरतो. तो रात्रभर तेथेच राहिला तर असंग्रहाच्या नियमाला बाध येतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर पणग उगवले तर अहिंसेलाही. पात्राची रंध्रे बुजविणे ही साधूच्या दृष्टीने सोय नव्हती. ती व्रतरक्षणाची गरज होती.

त्या काळी गृहस्थ लाकडी भांड्यांना काय चोळीत असत, याचा धागा याच अध्ययनात सापडतो. एखादा गृहस्थ साधूसाठी पात्राला तेल, तूप, लोणी किंवा वसा म्हणजे चरबी चोळून देऊ लागला, तर साधूने त्याला तसे करू देऊ नये, असा तेथे निर्देश आहे. म्हणजे लाकडाला स्निग्ध द्रव्य चोळण्याची लोकरीत प्राचीन होती, आणि तिच्यात प्राणिज व वनस्पतिज असा भेद केला जात नव्हता. साधूचा नकार मुख्यतः आपल्यासाठी आरंभ होऊ नये म्हणून होता.

मग लेप आणावयाचा कोठून? याचे उत्तर ओघनिर्युक्तीत मिळते. परंपरेने भद्रबाहुस्वामींच्या नावे असलेल्या आणि अकराव्या शतकात द्रोणाचार्यांनी ज्यावर वृत्ती लिहिली त्या या ग्रंथात पात्रलेपाचा स्वतंत्र आणि सविस्तर विचार आहे. तेथे लेपाचे तीन प्रकार येतात. तेलाच्या भांड्याला बाहेरून धूळ चिकटून जो चिकट थर तयार होतो तो तज्जात लेप. दगडाची भुकटी वगैरे मिसळून मुद्दाम सिद्ध केलेला तो युक्तिलेप. आणि बैलगाडीच्या आसाला घातलेले तेल, चाक फिरून फिरून झिजलेल्या कणांशी एकजीव होऊन जो काळा मळ बनतो, तो खंजनलेप.

या तिहींत युक्तिलेप निषिद्ध ठरला, कारण त्यासाठी द्रव्ये जमवून साठवावी लागतात. पसंती मिळाली खंजनलेपाला. त्याची कारणे दया, मऊपणा आणि असंग्रह अशी दिली आहेत. गाडीवानाची अनुमती घेऊन साधू तो मळ घेई, पात्राला लावी, वाळू देई आणि घट्टक नावाच्या गुळगुळीत दगडाने घोटून एकसारखा करी. घोटलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावर बारीकसा जीवही चटकन दिसतो आणि अलगद बाजूला करता येतो, हा त्याचा आणखी एक लाभ.

या निवडीतील मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. गाडीच्या आसात तेल घातले गेले ते गाडी चालावी म्हणून. त्याचे काम होऊन गेलेले होते. साधूसाठी एक तीळही घाण्यात पडला नाही, आणि तरीही पात्र जलरोधक झाले.

दिगंबर परंपरेत मुनी पाणिपात्र असल्याने भोजनपात्राचा प्रश्न उद्भवत नाही. तथापि शौचासाठी लागणाऱ्या प्रासुक पाण्याचे कमंडलू लाकडाचे किंवा नारळाच्या करवंटीचे असते. करवंटीला निसर्गानेच टणक कवच दिलेले आहे. लाकडी कमंडलूला मात्र आत-बाहेर लेप हवाच.

तेल पाणी कसे अडवते?

लाकूड म्हणजे सूक्ष्म नळ्यांची जुडी होय. झाड जिवंत असताना या नळ्यांतून पाणी वाहते, आणि झाड तोडल्यावरही त्यांची पाण्याची ओढ संपत नाही. लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांखाली राहिले तर लाकूड कुजविणारी बुरशी त्यात वाढू शकत नाही. त्याहून प्रमाण वाढले, की तिचे फावते.

सर्व तेले याबाबत सारखी नाहीत. खोबरेल लाकडात मुरते, पण कधीच वाळत नाही. तिळाचे तेल अर्धवट वाळते. जवसाचे तेल मात्र पूर्ण वाळते. येथे वाळणे म्हणजे उडून जाणे नव्हे. जवसाच्या तेलातील निम्म्याहून अधिक भाग अशा स्निग्धाम्लाचा असतो, की तो हवेतील प्राणवायू शोषून घेतो. त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि द्रव तेलाचे घट्ट, लवचीक पटल बनते. वाळताना त्याचे वजन उलट वाढते. हे पटल नळ्यांची तोंडे बुजविते. मात्र ते पाण्याला पूर्ण बंदी करीत नाही, त्याचा वेग मंदावते. म्हणून तेल लावलेल्या लाकडालाही ऊन-वारा आवश्यकच राहतो. कल्पसूत्रातील उन्हात तापविलेला पाट आणि ओघनिर्युक्तीतील लेप ही दोन्ही मिळूनच एक रीत पूर्ण होते.

वराहमिहिराचा वज्रलेप

साधूच्या पात्रापुरता लेप गाडीच्या आसातून मिळे. प्रासादाचे काय? सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत वज्रलेपाच्या कृती दिल्या आहेत. पहिली कृती महाराष्ट्रातील वाचकाला ओळखीची वाटेल, कारण तिच्यातील बहुतेक वनस्पती सह्याद्रीत आणि विदर्भात आजही आढळतात. कच्चे तिंदुक म्हणजे टेंभुर्णीच्या कुळातील फळ, कच्चे कवठ, सावरीची फुले, सालईचे बी, धामणीची साल आणि वेखंड हे पाण्यात उकळून अष्टमांश काढा उरवावयाचा; त्यात चिडाच्या जातीच्या झाडाचा राळेसारखा चीक, बोळ, गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेलफळ इत्यादींचा कल्क मिसळावयाचा; आणि हा लेप गरम असतानाच प्रासाद, हवेली, छत, प्रतिमा, भिंत आणि विहीर यांना द्यावयाचा. तो सहस्र-अयुत वर्षे टिकतो, असे वराहमिहिर म्हणतो. ही अतिशयोक्ती सोडली तरी द्रव्यांची निवड सयुक्तिक आहे. तिंदुकाच्या कच्च्या फळातील तुरट द्रव्य पाण्याला दाद देत नाही. बंगालचे नावाडी याच कुळातील गाब नावाच्या फळाचा रस आपल्या होड्यांना व जाळ्यांना लावीत आले आहेत. राळ आणि जवस पटल बनवितात. बिब्ब्याचे तेल दाहक असून बुरशीला मारक आहे.

त्याच ठिकाणी दुसरी कृती लाखेची आहे, आणि ‘वज्रतल’ नावाच्या तिसऱ्या कृतीत शिंगे, गाढवाचे केस आणि म्हशीचे कातडे येते. म्हणजे प्राचीन शिल्पकारापुढे तिन्ही मार्ग खुले होते. तो मार्ग निवडताना अहिंसेची अट घातली, तर पहिलाच उरतो.

वेखंडाचा उल्लेख झाला म्हणून सांगावयाचे, की जैन ज्ञानभांडारांत ग्रंथांच्या गाठोड्यात घोडावज म्हणजे वेखंडाच्या पुड्या ठेवण्याची रीत प्रसिद्ध आहे. कीटकाला मारावयाचे नाही, तर उग्र गंधाने त्याला तेथे येऊच द्यावयाचे नाही, हा त्यामागील हेतू. ज्ञानपंचमीला पोथ्या आणि त्यांच्या लाकडी पाटल्या बाहेर काढून त्यांना हवा दाखविली जाते, तीही पावसाळा सरल्यावर लगेच, कार्तिकात.

काष्ठमंदिरांचा अनुभव

गुजरातेत एके काळी लाकडी जिनमंदिरे विपुल होती. मेरुतुंगाचार्यांनी १३०५ च्या सुमारास रचलेल्या प्रबंधचिंतामणीत एक प्रसंग येतो. कुमारपाळाचा मंत्री उदयन युद्धावर जाताना शत्रुंजयावर दर्शनाला थांबला. तेथील प्रासाद लाकडाचा होता. पूजा चालू असता एका उंदराने दिव्यातील जळती वात तोंडात धरून बिळाकडे नेली. हे पाहून मंत्र्याच्या मनात चर्र झाले आणि त्याने पाषाणाचे मंदिर बांधण्याचा संकल्प केला. युद्धातील जखमांनी त्याचा अंत झाला. संकल्प पुत्र वाग्भटाने बाराव्या शतकात पूर्ण केला. या कथेत लेपाची मर्यादाही दडलेली आहे. तेल, राळ आणि गुग्गुळ लाकडाला पाण्यापासून वाचवितात, पण हीच द्रव्ये अग्नीला आमंत्रण देतात.

तरीही काष्ठशिल्पाची परंपरा खंडित झाली नाही. पाटण येथील वाडी पार्श्वनाथ मंदिरातील सोळाव्या शतकाच्या अखेरचा सागवानी घुमट आणि त्याचे गवाक्ष १९१६ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. त्यांवर जुन्या रंगाचे अंश अद्याप दिसतात. चारशे वर्षे ते टिकले याचे पहिले श्रेय सागाला दिले पाहिजे, कारण सागाच्या लाकडात मुळातच तेलकट द्रव्य असते. वनस्पतीने स्वतःसाठी तयार केलेला हा लेप होय. उत्तम लाकूड निवडणे हाच अर्धा लेप आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

लाख, घाणा आणि श्रावकाचे द्वंद्व

श्रावकासाठी वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य म्हणजे लाखेचा व्यापार आहे. लाख हे झाडाचे चीक नव्हे. झाडावर राहणाऱ्या सूक्ष्म कीटकांनी स्वतःभोवती केलेले ते कवच असून, ते खरवडून काढताना असंख्य जीवांचा घात होतो. इंग्रजी अमदानीत फर्निचरला चकचकीत करणारे फ्रेंच पॉलिश लोकप्रिय झाले, ते याच लाखेपासून बनते. अनेक ठिकाणी देरासरांच्या दारांना आणि भंडाराच्या पेट्यांना ते अजाणता लावले गेले. वास्तविक ओलाव्यापुढे ते फारसे टिकतही नाही. पाण्याचा थेंब पडून राहिला की त्यावर पांढरा डाग उमटतो.

समुद्रावरही हेच द्वंद्व होते. कच्छ-काठियावाडपासून कोकणापर्यंतच्या गलबतांच्या तळाला चुना आणि प्राण्यांची चरबी, तर वरच्या अंगाला माशाचे तेल लावण्याची सार्वत्रिक चाल होती. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर तिला एक पर्याय नंतर मिळाला. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात काजू आणला आणि त्याच्या टरफलातील काळे, दाहक तेल होड्यांना लावले जाऊ लागले. काजू हा बिब्ब्याच्याच कुळातला. त्याच्या टरफलाचे तेल पाणी आणि बुरशी या दोहोंना दूर ठेवते, आणि टरफल तर गर काढल्यावर उरणारे टाकाऊ द्रव्य आहे. गाडीच्या आसातील मळाची आठवण व्हावी अशी ही गोष्ट होय. मात्र हे तेल कातडी पोळते, म्हणून ते भांड्यांना वा हाताळण्याच्या वस्तूंना उपयोगी नाही.

वनस्पतिज म्हटले की सर्व निर्दोष झाले, असे मात्र शास्त्र मानत नाही. त्याच पंधरा कर्मादानांत यंत्रपीडन आहे, आणि तिळाचा वा एरंडाचा घाणा त्यातच मोडतो. लाख सोडून जवसाकडे वळलेल्या श्रावकाची हिंसा कमी झाली, संपली नाही. येथे जैन विचार दोन गोष्टी सांगतो. साधूने टाकाऊ तेलावर भागविले, ही आदर्शाची बाजू. श्रावकाने मर्यादा घालावी, ही व्यवहाराची. जेवढे लागेल तेवढेच तेल घ्यावे आणि एकदा केलेली लाकडी वस्तू पिढ्यान् पिढ्या टिकवावी, म्हणजे नवे झाडही तुटत नाही.

आजच्या व्यवहारात

रबरी चाके आणि खनिज वंगण आल्यावर खंजनलेप मागे पडला. पात्रे रोगानाने रंगविण्याची पद्धत रूढ झाली. लाल, काळ्या व पांढऱ्या रंगांची ती पात्रे सर्वांच्या परिचयाची आहेत. पूर्वी रंगातील सफेदा शिशाचा असे, आणि तेल लवकर वाळावे म्हणून त्यात मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचेच भस्म, घालून उकळीत. शिसे विषारी आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. पात्रांसाठी रंग वहोरविणाऱ्या श्रावकांनी ही खातरजमा अवश्य करावी. रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात त्या उकळलेल्या जवस तेलातही धातूंचे क्षार मिसळलेले असतात. ते दारे-खिडक्यांना योग्य, अन्नाच्या भांड्यांना नव्हे.

ज्या संस्थांकडे लाकडी देरासर, पाट वा पोथ्यांची कपाटे आहेत, त्यांनी काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. तेल लावण्याचा काळ चैत्र-वैशाख. चातुर्मासात ओलसर हवेत ते वाळत नाही, आणि न वाळलेले कच्चे जवस तेल बुरशीचेच खाद्य होते. अशा वेळी ज्या पणगापासून रक्षण करावयाचे, त्यालाच निमंत्रण दिल्यासारखे होते. थर पातळ असावा, वर राहिलेले तेल लगेच पुसून घ्यावे. फळीच्या टोकाकडील छेद सर्वांत जास्त पाणी पितो, म्हणून तेथे दोनदा हात फिरवावा. आणि तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात कदापि टाकू नयेत. जवस तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि गोळा केलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवावीत. उदयन मंत्र्याने पाहिलेला उंदीर प्रत्येक देरासरात असतोच असे नाही; पण असे फडके असू शकते.

लाकडावर उगवलेली बुरशी पुसून टाकणे सोपे आहे. पण जैन दृष्टीने तो अनंतकायाचा घात आहे, आणि तो घडून गेल्यावर हातात उरते ते केवळ मिच्छामि दुक्कडम्. ओल येण्यापूर्वीच तिची वाट बंद करणे, तेही कमीत कमी द्रव्याने, याला पूर्वाचार्यांनी यतना म्हटले. चातुर्मासाच्या आधी पाट उन्हात ठेवणारा आणि त्याला तेलाचा हात देणारा श्रावक कदाचित ओघनिर्युक्तीचे नावही जाणत नसेल. पण त्याच्या हातून तिचेच पालन होत असते.